पन्नाशीनंतर नोकरीचा अर्ज लिहिताना

बोईसर स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात टाइप करून मिळणारा बायोडेटा बहुतेक वेळा एकाच साच्यातला असतो. वर ठळक अक्षरांत ‘बायोडेटा’, कोपऱ्यात पासपोर्ट फोटो, मग पूर्ण नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, गावचा पत्ता, ‘छंद : वाचन, क्रिकेट’. ज्या कामात माणसाने आयुष्याची बावीस वर्षं घातली ते काम सगळ्यात शेवटी, एका ओळीत : ‘अमुक कंपनीत ऑपरेटर’. पंचविशीतल्या मुलाचं अशा कागदाने फारसं बिघडत नाही, कारण त्याच्याकडे सांगण्यासारखं तेवढंच असतं. पन्नाशीतल्या माणसाचं मात्र मोठं नुकसान होतं. वाचणाऱ्याला पहिल्या चार ओळींत वय कळतं आणि काम कळायच्या आत कागद बाजूला पडतो.

तारापूर एमआयडीसीत कामगार विभागात माझी बरीच वर्षं गेली. असे अर्ज मी वाचले आहेत, पुढे पाठवले आहेत, परतही केले आहेत. आता मासवण, मनोर, चहाड्याकडची माणसं आपला कागद दाखवायला येतात. त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितो आहे. वय लपवू नका, पण अर्जाची सुरुवात वयाने करू नका. सुरुवात कामाने करा, आणि ते काम असं लिहा की प्लांट मॅनेजरला वाटलं पाहिजे, हा माणूस उद्या पाळीवर उभा राहू शकतो.

ही वेळ आपल्या भागात बऱ्याच घरांवर आली आहे. रसायनं, औषधं, कापड, पोलाद या कारखान्यांत नव्वदच्या दशकात जे तरुण लागले ते आज पन्नाशीच्या आसपास किंवा पुढे आहेत. कंपनी बंद पडते, मालक बदलतो, ठेका संपतो, आणि एक्कावन्नाव्या वर्षी माणूस घरी बसतो. मुलं अजून शिकत असतात. पीएफच्या पेन्शनचं वय ५८. पन्नाशीनंतर आधी घेता येते, पण ५८ला जितकी वर्षं कमी, त्यातल्या दर वर्षामागे ४ टक्के पेन्शन घटते आणि ती घट कायमची राहते. म्हणजे मधली सात-आठ वर्षं पगारावरच काढायची असतात.

अमेरिकेत १९६७ पासून चाळिशीवरच्या माणसाला केवळ वयामुळे नोकरी नाकारायला कायद्याने बंदी आहे. आपल्याकडे खासगी नोकरीसाठी असा सर्वसाधारण कायदा नाही, म्हणून जाहिरातीत ‘वय ३५ पर्यंत’ असं उघड छापलं जातं. पण एक फरक ध्यानात ठेवा. सरकारी भरतीतली वयाची अट ही नियमाची अट असते. राज्य सरकारच्या नोकरीत ती सर्वसाधारणपणे खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे. आपण त्यात बसत नसलो तर परीक्षेचं शुल्क भरून पैसे घालवू नयेत. खासगी कारखान्याच्या जाहिरातीतली अट ही बहुतेक वेळा मागणाऱ्याची इच्छा असते. बॉयलर चालवणारा माणूस दोन महिने मिळत नसेल, तर अठ्ठेचाळिशीच्या माणसालाही बोलावणं येतं. जिथे काम तंतोतंत आपलं आहे तिथे अट वाचून मागे फिरू नका.

आता कागदाकडे येऊ. एका रिअ‍ॅक्टर ऑपरेटरचा बायोडेटा माझ्यासमोर आला, त्यात कामाविषयी एवढंच होतं : ‘१९९८ पासून केमिकल कंपनीत ऑपरेटर म्हणून काम केले. २५ वर्षांचा अनुभव.’ मी विचारत गेलो, ते सांगत गेले. कुठला रिअ‍ॅक्टर? किती क्षमतेचा? सेंट्रिफ्यूज स्वतः चालवता का? बॅच रेकॉर्ड कोण भरतं? पाळीत हाताखाली किती जण? अर्ध्या तासात जी माहिती निघाली ती अशी लिहिली :

‘रिअ‍ॅक्टर ऑपरेटर, बल्क ड्रग प्लांट. ६.३ किलोलिटरपर्यंतचे ग्लास लाइन्ड आणि स्टेनलेस स्टील रिअ‍ॅक्टर. डिस्टिलेशन, सेंट्रिफ्यूज आणि ड्रायर स्वतंत्रपणे चालवतो. सॉल्व्हंट चार्जिंग, नायट्रोजन ब्लँकेटिंग, वर्क परमिट पद्धत माहीत. बीएमआर आणि लॉगबुक स्वतः भरतो. पाळीत चार हेल्पर हाताखाली. ग्राहक आणि सरकारी ऑडिटच्या वेळी प्लांटवर हजर राहून प्रश्नांची उत्तरं दिली आहेत.’

माणूस तोच आणि अनुभवही तोच. पहिल्या कागदात २५ हा आकडा फक्त वय सांगत होता. दुसऱ्यात प्लांट मॅनेजरला आपल्याच शॉप फ्लोअरवरच्या वस्तू ओळखू येतात. म्हणून बायोडेटा टाइप करायला जाण्याआधी घरी वहीत लिहून काढा : कोणती यंत्रं, कोणत्या क्षमतेची, कोणत्या बनावटीची, कोणतं काम कुणाला न विचारता करता, कोणती कागदपत्रं स्वतः भरता, कुणाला काम शिकवलंत. लूमवरचा माणूस असेल तर लूमचा प्रकार आणि एका वेळी किती सांभाळत होता ते. रोलिंग मिल असेल तर कुठल्या स्टँडवर आणि कुठल्या मापाचा माल. स्टोअरकीपर असेल तर किती आयटम, सॅप की टॅली, वर्षअखेरच्या मोजणीत किती फरक निघत असे. ‘मेहनती, प्रामाणिक, वक्तशीर’ हे शब्द प्रत्येक अर्जात असतात, म्हणून त्यांना वजन उरलेलं नाही. वर्षभरातली हजेरी चांगली असेल तर तिचा आकडा द्या, तो बोलतो.

मागचं किती लिहायचं? गेल्या दहा-पंधरा वर्षांचं सविस्तर, त्याआधीचं दोन ओळींत. सुरुवातीला हेल्पर म्हणून कुठे कुठे होतो याची यादी नको. याला अपवाद परवान्यांचा आणि प्रमाणपत्रांचा. बॉयलर अटेंडंटचं प्रमाणपत्र, वायरमनचा परवाना, फोर्कलिफ्टचा परवाना, आयटीआयचा केमिकल प्लांट अटेंडंट ऑपरेटरचा ट्रेड, प्रथमोपचार, औद्योगिक सुरक्षेचा डिप्लोमा, हे तीस वर्षांपूर्वीचं असलं तरी नावाच्या लगेच खाली घ्या. तारापूरसारख्या ठिकाणी काही कामं कायद्यानेच प्रमाणपत्राशिवाय करता येत नाहीत, आणि तिथे वयाने मोठा पण प्रमाणपत्रधारक माणूस तरुण बिनप्रमाणपत्राच्या पुढे उभा असतो. जे काम हातानेच शिकले, कागद काहीच नाही, त्यांनी आधीच्या कौशल्याची तपासणी करून प्रमाणपत्र देणाऱ्या सरकारी योजनेची चौकशी जिल्हा कौशल्य विकास केंद्रात करावी. कौशल्य विकास योजनेत ‘आरपीएल’ या नावाने ती ओळखली जाते.

दहावी कुठल्या साली झालो हे बायोडेटावर लिहायची गरज नाही. धर्म, जात, वैवाहिक स्थिती, वडिलांचा व्यवसाय, छंद, फोटो हेही काढून टाका. जन्मतारीख लिहायचीच असेल तर दुसऱ्या पानाच्या शेवटी. मात्र कंपनीचा छापील फॉर्म हातात आला की त्यात जे विचारलं आहे ते खरं भरा. गेटपाससाठी आधार लागतं, पीएफला जन्मतारीख लागते, दोन वर्षं कमी सांगितलेली पहिल्या आठवड्यात उघडी पडतात आणि मग कामाबद्दल खरं बोललात तेही खोटं वाटू लागतं.

कागदपत्रांवर जास्त वेळ थांबतो, कारण आपल्याकडचे अनुभवी लोक सर्वांत जास्त इथेच अडकतात. माणूस सांगतो, ‘मी एकाच कंपनीत अठरा वर्षं होतो.’ पीएफच्या नोंदीत त्या कंपनीचं नावच नसतं. चार-पाच ठेकेदारांची नावं असतात. मशीन तेच, पाळी तीच, गेट तेच, दर तीन-चार वर्षांनी कागदावरचा मालक मात्र वेगळा. नवीन ठिकाणी नोंदी तपासणारी मुलगी तिच्या संगणकावर पाहते तेव्हा तिला दिसतो तो वारंवार नोकऱ्या बदलणारा माणूस, आणि बायोडेटात दिसतं वेगळंच. याचं उत्तर सरळ लिहिण्यात आहे : ‘अमुक कंपनीच्या तारापूर प्लांटमध्ये, ठेकेदारांमार्फत, २००४ ते २०२२, सलग एकाच विभागात.’ खाली ठेकेदारांची नावं आणि साल. यात कमीपणा काही नाही, उलट जुळणारी नोंद पाहून समोरच्याचा विश्वास बसतो.

त्यासाठी अर्जाला हात लावण्यापूर्वी आपल्या यूएएनने पीएफच्या पोर्टलवर जा आणि सेवेचा इतिहास पाहा. उमंग ॲपवर पासबुकही दिसतं. यूएएन २०१४मध्ये आला, त्याआधीचे पीएफ क्रमांक वेगवेगळे असायचे. जुनी खाती एकत्र जोडलेली नसतील तर ती जोडून घ्या, नाहीतर २०१४ पूर्वीची तुमची सगळी नोकरी कागदावर हरवलेली राहते. मागच्या मालकाने नोकरी सोडल्याची तारीख टाकली नसेल तर शेवटचा हप्ता भरल्याला दोन महिने झाल्यावर ती आपल्यालाच पोर्टलवर भरता येते. कार्यालयात खेटे घालावे लागत नाहीत. आणि बायोडेटावरच्या तारखा या नोंदीशी जुळवूनच लिहा. आठवणीतल्या तारखा सहा-आठ महिन्यांनी सहज चुकतात.

जन्मतारखेचंही तसंच. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहिली, आधारवर दुसरी पडली, पीएफला तिसरी. शाळा सोडल्याचा दाखला शोधून ठेवा आणि सगळीकडे एकच तारीख करून घ्या. पुढे पेन्शनच्या वेळी हाच घोळ महागात पडतो. बायकांचं आणखी एक दुखणं असतं : दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत दोन्हींचं मिश्रण. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद यांची प्रत काढून अर्जाच्या फाइलमध्येच ठेवा. नेमणुकीच्या दिवशी धावपळ करायची वेळ येऊ नये.

पंचेचाळिशीत पुन्हा कामाला निघणाऱ्या बायका माझ्याकडे येतात तेव्हा पहिलं वाक्य हेच असतं, ‘मधली पंधरा वर्षं काहीच केलं नाही.’ मग कळतं की त्या बचत गटाचा हिशेब लिहितात, बँकेचं कर्ज हप्त्याहप्त्याने फेडून घेतलं आहे, शाळेच्या पोषण आहाराचं काम पाहिलं आहे, घरी शिलाईच्या ऑर्डरी घेतल्या आहेत. हे काम आहे. ‘बचत गटाची सचिव, १२ सदस्य, मासिक हिशेब व बँक व्यवहार’ ही ओळ पॅकिंग विभागातल्या सुपरवायझरच्या किंवा ऑफिस असिस्टंटच्या जागेसाठी उपयोगाची आहे. लग्नाआधी औषध कंपनीत पॅकिंगला होता, तर ते सालासकट लिहा. स्वच्छतेचे नियम आणि लाइनवरची शिस्त ठाऊक असलेल्या बाईला पुन्हा शिकवावं लागत नाही.

मध्ये खंड पडला असेल तर तो झाकू नका. एका ओळीत सांगा आणि पुढे जा : ‘२०२० ते २०२२ : कंपनी बंद, या काळात स्वतःची भातशेती.’ ‘२०१९ : वडिलांच्या आजारपणामुळे घरी.’ कोरोनाच्या वर्षांतला खंड कुणाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. रिकामी सोडलेली दोन वर्षं मात्र वाचणाऱ्याच्या मनात नको ते प्रश्न उभे करतात.

बायोडेटा दोन पानांच्या वर जाऊ देऊ नका आणि त्यासोबत छोटं पत्र जोडा. आपल्याकडे पत्र लिहायचा आळस करतात, किंवा ‘मी आपणांस विनंती करतो की’ या जुन्या मजकुराची नक्कल करतात. पन्नाशीतल्या अर्जदारासाठी पत्र बायोडेटाइतकंच मोलाचं आहे, कारण वाचणाऱ्याच्या मनातल्या न विचारलेल्या शंका तिथेच दूर होतात. हा रात्रपाळी करेल का? रोज येईल कसा? पगार जास्त मागेल का? आधीची नोकरी का गेली? या चार प्रश्नांची उत्तरं अशी द्या :

‘महोदय, आपल्या कारखान्यातील युटिलिटी ऑपरेटरच्या जागेसाठी अर्ज करीत आहे. माझ्याकडे सेकंड क्लास बॉयलर अटेंडंटचे प्रमाणपत्र आहे. गेली अकरा वर्षे तीन टन क्षमतेचा बॉयलर, कूलिंग टॉवर आणि चिलिंग प्लांट सांभाळत होतो. मार्चमध्ये कंपनीने उत्पादन थांबवल्यामुळे मोकळा झालो आहे. तिन्ही पाळ्यांत काम करण्याची तयारी आहे. मासवणला राहतो, स्वतःची मोटारसायकल आहे. या पदासाठी कारखान्यात जी वेतनश्रेणी असेल ती मान्य आहे. आपण सांगाल त्या दिवशी प्लांटवर ट्रायल द्यायला येईन.’

यातलं शेवटचं वाक्य जरूर लिहा. वयाची शंका तोंडाने फिटत नाही, ट्रायलने फिटते. आणि ‘मिळेल तो पगार चालेल’ असं कधीही लिहू नका. त्याने दया येते, नोकरी मिळत नाही, आणि मिळाली तर कमी दरात मिळते. आधीचा पगार जास्त होता आणि आता कमीवर तयार आहात, तर मुलाखतीत कारण सांगा : घराजवळ काम हवं आहे, पाळी ठरलेली हवी आहे, कर्ज फिटलं आहे. कारण खरं असेल तर पटतं. वयाने लहान इन्चार्जच्या हाताखाली काम कराल का, असं विचारलं तर पूर्वी तसं केल्याचं एखादं उदाहरण द्या. नुसतं ‘हो’ पुरत नाही.

तब्येतीचं बायोडेटात लिहू नये, मेडिकलच्या वेळी लपवूही नये. रक्तदाब किंवा साखर आटोक्यात असेल तर कारखान्याचे डॉक्टर बहुतेक कामांना परवानगी देतात. चष्म्याचा नंबर आणि कानाची तपासणी मात्र आधी करून घ्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांत चाळिशीवरच्या कामगाराची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी करण्याची तरतूद आहे आणि प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणंही बंधनकारक आहे. नव्या ठिकाणी लागताना नेमणूकपत्र मागून घ्या. मागच्या ठिकाणी ते नव्हतं म्हणून तर आज अनुभव सिद्ध करायला इतका त्रास होतो आहे.

अणुऊर्जा केंद्रात किंवा भाभा केंद्राच्या तारापूरच्या कामांवर ठेकेदारामार्फत होता, तर एक काळजी घ्या. पद, ट्रेड, काळ आणि ठेकेदाराचं नाव पुरे. आतल्या यंत्रणेचं वर्णन बायोडेटावर देऊ नका. असा कागद व्हॉट्सअ‍ॅपवर कुठे कुठे फिरेल सांगता येत नाही.

पाठवण्याचं तंत्रही बदललं आहे. गेटवर वॉचमनच्या हाती दिलेला कागद पोहोचेलच असं नाही, तरीही छोट्या कारखान्यांत तोच मार्ग चालतो, म्हणून तो सोडू नका. त्याबरोबर पीडीएफ करून ठेवा आणि फाइलला स्वतःचं नाव व पद द्या. मोबाइलवर काढलेला वाकडा फोटो पाठवू नका. ईमेल स्वतःचा असावा, पासवर्ड वहीत लिहिलेला असावा, आणि फोन नंबर असा असावा की जो तुम्हीच उचलता. मुलाचा नंबर दिला आणि तो कॉलेजात असताना बोलावणं आलं, असं अनेकदा होतं. तारापूरच्या बऱ्याच कारखान्यांत अर्ज वाचणारे अधिकारी बाहेरच्या राज्यांतले असतात, तेव्हा बायोडेटा सोप्या इंग्रजीत करून घ्या. शाळा, पतसंस्था, ग्रामपंचायत अशा ठिकाणी मराठीच चांगली.

केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल आणि राज्याचं महास्वयंम, दोन्हींवर नोंदणी फुकट आहे. साठीवरच्यांसाठी केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने २०२१मध्ये ‘सेक्रेड’ नावाचं वेगळं पोर्टल सुरू केलं. पण माझ्या पाहण्यात पन्नाशीच्या माणसाला काम मिळतं ते बहुतेक जुन्या सहकाऱ्यांकडून. ज्यांच्याबरोबर पाळी केली ते आज वेगवेगळ्या प्लांटमध्ये शिफ्ट इन्चार्ज, मेंटेनन्स हेड झाले आहेत. त्यांना ‘काही काम असेल तर सांग’ एवढंच म्हणू नका. बायोडेटा पाठवा आणि कोणतं पद हवं आहे ते नेमकं सांगा, म्हणजे त्यांना पुढे पाठवायला सोपं जातं.

आणि पैसे कुणालाही देऊ नका. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ला झाली, बुलेट ट्रेनचं काम बोईसरच्या बाजूने चालू आहे, आणि अशा वेळी ‘आत ओळख आहे, तीस हजार द्या’ म्हणणारे गावोगाव फिरतात. नोकरी गेलेल्या माणसाच्या हातात पीएफचे किंवा ग्रॅच्युइटीचे पैसे आलेले असतात, हे त्यांना चांगलं ठाऊक असतं. नोकरी देणारा पैसे मागत नाही.

शेवटी एक विनंती तारापूरच्या कारखान्यांत जाहिराती लिहिणाऱ्यांना. कामाला खरोखर शरीराची अट असेल तर ती स्पष्ट लिहा : पन्नास किलोचं पोतं उचलणं, उंचीवर चढणं, रंग ओळखणं. तपासायला तुमच्याकडे मेडिकल आहे, ट्रायल आहे, तीन महिन्यांचा प्रोबेशन आहे. एवढं हाताशी असताना ‘वय ३५ पर्यंत’ ही ओळ काढून टाका. रिअ‍ॅक्टरचं तापमान अचानक चढू लागलं तर आधी कुठला व्हॉल्व्ह बंद करायचा हे ज्याला ठाऊक आहे, तो माणूस मासवणमध्ये घरी बसलेला आहे आणि त्याचा अर्ज तुमच्या गेटवर पडून आहे. तो मागवून वाचा.